त्या तारखेला थांब

प्रिय मुली,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं असतं तर रागाच्या भरात दिलं असतं. राग तुझ्यावर नाही. हा विषय तुला ज्या रीतीने शिकवला गेला आणि आता तुझ्याकडून ज्या रीतीने शिकवून घेतला जातोय, त्या रीतीवर आहे.

तू लिहितेस, तृतीय वर्षाच्या वर्गात एका मुलाने उभं राहून विचारलं, "मॅडम, फॅसिझम म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा. मग आत्ता चाललंय ते तेच आहे की नाही, हे आम्ही ठरवू." तू विषय बदललास, घरी आलीस आणि आठवडाभर व्याख्या जमवत बसलीस. एका विद्वानाची व्याख्या दुसऱ्याला मान्य नाही, तिसरा म्हणतो हा शब्द इटलीपुरताच ठेवा, चौथा म्हणतो जर्मनीचं प्रकरण वेगळं. आता यातली बरोबर कुठली ते मी सांगावं, म्हणजे सोमवारी वर्गात तोंड दाखवता येईल.

नाही सांगणार. माझं सांगणं एकच आहे, माझ्या वर्गात बसलीस तेव्हाही तेच होतं आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येणार आहे: त्या तारखेला थांब. ज्या दिवसाबद्दल शिकवतेस त्याच्या पुढे पाऊल टाकू नकोस. त्या दिवशी माणसांना काय माहीत होतं, काय माहीत करून घेता आलं असतं आणि कोणते रस्ते अजून उघडे होते, एवढंच विचार. १९४५ साली काय झालं ते तुला ठाऊक आहे. १९२२ मधल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं.

आपल्या क्रमिक पुस्तकांत हा सगळा इतिहास शेवटाकडून लिहिलेला असतो. व्हर्सायचा तह, मंदी, हिटलर, छळछावण्या, युद्ध, पराभव. मुलं हे पाठ करतात आणि त्यांच्या मनात ठसतं की तेव्हाची इटालियन आणि जर्मन माणसं एक तर मूर्ख होती किंवा राक्षस होती. आपण दोन्ही नाही, तेव्हा आपल्याला धोका नाही, हा निष्कर्ष ती न बोलता काढतात आणि दहापैकी आठ गुण घेऊन घरी जातात. याहून घातक धडा मला माहीत नाही.

ऑक्टोबर १९२२ घे. पुस्तकात ओळ असते, "मुसोलिनीने रोमवर मोर्चा नेऊन सत्ता बळकावली." आता दिवसागणिक चल. २७ तारखेच्या रात्रीपासून फॅसिस्टांची काळ्या शर्टातली पथकं गावोगावच्या तार कचेऱ्या आणि रेल्वे स्टेशनं ताब्यात घेत होती. २८ च्या सकाळी पंतप्रधान लुइजी फाक्ता लष्करी कायद्याचा हुकूम घेऊन राजाकडे गेले. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही केली नाही. मुसोलिनी मोर्चात नव्हताच, तो मिलानमध्ये होता. राजाचं बोलावणं गेल्यावर तो रात्रीच्या गाडीने निघाला आणि ३० तारखेला सकाळी रोमला उतरला. पथकांनी रोममधून संचलन केलं ते ३१ ला, पंतप्रधानपद मिळून गेल्यावर.

मग नोव्हेंबरच्या मध्यावर संसदेत विश्वासदर्शक ठराव आला. १९२१ च्या निवडणुकीत फॅसिस्टांचे खासदार निवडून आले होते जेमतेम पस्तीस, तेही जोलित्तींच्या आघाडीच्या यादीतून. ठरावाच्या बाजूने मतं पडली ३०६, विरोधात ११६. हे आकडे फळ्यावर लिही आणि मुलांना विचार: उरलेली पावणेतीनशे मतं कुणाची? बाजूने मत देणाऱ्यांत जोलित्ती, सालांद्रा, ओर्लांदो होते, तिघेही माजी पंतप्रधान. कॅथलिक पक्षाचे दे गास्पेरी होते. (हेच दे गास्पेरी युद्धानंतर देशाचे पंतप्रधान झाले, पण हे तुझ्यापुरतं. वर्गात बोलू नकोस, ते त्या तारखेच्या पुढचं आहे.)

यांना काय माहीत होतं? सप्टेंबर १९२० मध्ये कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेतला होता आणि मालकवर्गाची झोप उडाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात बोलोन्याच्या नगरपालिकेसमोर गोळीबार झाला. पुढचं वर्षभर पो नदीच्या खोऱ्यात सहकारी संस्था आणि कामगारांची सभागृहं जाळली जात होती, संघटनेच्या माणसांना बळजबरीने एरंडेल पाजलं जात होतं. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून येत होतं. म्हणजे हिंसा माहीत होती. त्यांचा हिशेब असा होता की खुर्चीवर बसवला की हा माणूस वळणावर येईल, नाही आला तर काढून टाकू, तोवर समाजवाद्यांचा बंदोबस्त तर होईल. त्या तारखेला थांबलीस की या लोकांचा दोष कमी होत नाही. तो नेमका होतो. राक्षसाला दोष देऊन हाती काही लागत नाही. हिशेब करणाऱ्या अनुभवी माणसाचा हिशेब कुठे चुकला, हे मात्र तपासता येतं.

यापुढचा तास मात्तेओत्तीचा. जाकोमो मात्तेओत्ती, समाजवादी खासदार. एप्रिल १९२४ ची निवडणूक ज्या कायद्याखाली झाली त्यात सर्वांत मोठ्या यादीला किमान पंचवीस टक्के मतं मिळाली तर दोन तृतीयांश जागा बहाल होत होत्या. तो कायदाही आधीच्या संसदेने मंजूर केलेला, हे विसरू नकोस. ३० मे रोजी मात्तेओत्तीने सभागृहात उभं राहून मतदानातली दंडेली एकेक करून मांडली. आरडाओरडीत तो बोलत राहिला. १० जूनला दुपारी रोममध्ये टायबर नदीच्या काठावरून त्याला मोटारीत कोंबून नेलं. १६ ऑगस्टला प्रेत सापडलं. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत सगळ्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि कोणीही त्याचं काही करू शकलं नाही.

फळ्याच्या एका टोकाला १० जून लिही, दुसऱ्या टोकाला ३ जानेवारी. मधली जागा मोकळी ठेव. तास संपेपर्यंत मोकळी ठेव. त्या जवळजवळ सात महिन्यांत पुढे काय होणार ते कुणालाच कळत नव्हतं. लोकांनी कोटावरचे पक्षाचे बिल्ले काढून टाकले होते, विरोधी खासदार सभागृहाबाहेर पडले होते आणि राजा काहीतरी करील म्हणून वाट बघत होते. मुलांना त्या मोकळ्या जागेत बसू दे. कुणी "पण शेवटी तर..." म्हणायला लागला की तिथेच थांबव.

त्याच जागेत बेनेदेत्तो क्रोचेला उभं कर. देशातला सर्वांत नावाजलेला तत्त्वज्ञ आणि सिनेटचा सदस्य. जून १९२४ मध्ये, मात्तेओत्ती बेपत्ता असताना, त्याने सिनेटमध्ये सरकारच्या बाजूने मत दिलं. १ मे १९२५ ला फॅसिझमविरोधी बुद्धिमंतांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला तो त्यानेच लिहिलेला. एकच माणूस, दोन तारखा, मध्ये वर्षसुद्धा नाही. व्याख्या हातात घेऊन या माणसाकडे गेलीस तर त्याला कुठल्या रकान्यात टाकशील? तारखा घेऊन गेलीस तर विचारायला प्रश्न मिळतो: या दहा महिन्यांत त्याला असं काय कळलं, जे आधी कळलं नव्हतं?

आता तुझ्या व्याख्या. त्या लिहिणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. रॉजर ग्रिफिन यांनी १९९१ मध्ये गाभ्यातली कल्पना शोधली: रसातळाला गेलेल्या राष्ट्राचा पुनर्जन्म. उम्बेर्तो एको यांची १९९५ ची चौदा लक्षणांची यादी तुझ्या मुलांच्या मोबाइलवर फिरत असणारच. रॉबर्ट पॅक्स्टन यांनी व्याख्येपासून सुरुवात करायलाच नकार दिला आणि टप्पे सांगितले: चळवळ जन्मते, राजकारणात मुळं धरते, सत्तेवर येते, सत्ता राबवते आणि शेवटी एक तर अधिक उग्र होते किंवा विझत जाते. मला हा माणूस जवळचा वाटतो, कारण टप्पा म्हटला की तारीख आली. अमेरिकेत ट्रम्प यांना हा शब्द लावू नका, असं ते कित्येक वर्षं म्हणत होते. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसदभवनात जमाव घुसला आणि काही दिवसांत त्यांनी लिहिलं की माझा आक्षेप आता उरला नाही. त्यांचं म्हणणं पटो न पटो, पद्धत बघ. मत बदललं ते एका विशिष्ट दिवशी डोळ्यांसमोर जे घडलं त्यावरून.

यादी घेऊन बसणाऱ्या वर्गाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मुलं चौदापैकी नऊ खुणा करतात, मग त्यांच्यात भांडण लागतं की नऊ पुरे की नाहीत, आणि शेवटी घरून जो पक्ष घेऊन आली तोच पक्ष घेऊन परत जातात. कुणाच्याही ज्ञानात एका कणाची भर पडत नाही.

जर्मनीसाठी मी नेहमी एकच गाव वापरलं. विल्यम शेरिडन ॲलन या अमेरिकन इतिहासकाराने १९६५ मध्ये दहाएक हजार वस्तीच्या एका जर्मन गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला, गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलून. पुढे ते नॉर्थाइम असल्याचं उघड झालं. त्यात बर्लिन फारसं नाहीच. गावात किती सभा झाल्या, तिकीट काय होतं, छापखाना कुणाचा, नेमबाजांचं मंडळ कुणाच्या हातात, गायकांची मंडळं किती, हे आहे. १९३३ मध्ये काही महिन्यांत ही मंडळं एकेक करून एकत्र केली गेली, बंद पडली किंवा नव्या माणसांच्या ताब्यात गेली. संध्याकाळी चार माणसांनी मोकळेपणी बसायची जागा उरली नाही. तालमी, भजनी मंडळं, गणेश मंडळं, पतसंस्था यांत वाढलेल्या आपल्या मुलांना हे एका मिनिटात समजतं. हिटलरच्या सरकारला संसदेविना कायदे करू देणारा २३ मार्च १९३३ चा विशेषाधिकाराचा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला, हेही शिकव. पण ते गाव आधी शिकव.

इथे मला माझं सांगू दे. मी नोकरीभर फळ्यावर व्याख्या लिहिली नाही. विद्यार्थी प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेले की मॅडम नोट्स देत नाहीत. अभ्यासमंडळावर होते तेव्हा "फॅसिझमची वैशिष्ट्ये सांगा" हा प्रश्न काढून टाका, त्याऐवजी एखादा दस्तऐवज द्या, तारीख द्या आणि त्या दिवशीच्या माणसाला काय दिसत होतं ते लिहायला सांगा, असा आग्रह धरला. मला उत्तर मिळालं की मॅडम, पोरांना मार्क मिळाले पाहिजेत, तपासणाऱ्याला मॉडेल आन्सर लागतं. पुढच्या वेळी मंडळावर माझं नाव नव्हतं. हेकट म्हणून माझी ख्याती झाली आणि ती अजून आहे. मी अजूनही म्हणते की माझं बरोबर होतं. ज्याला वैशिष्ट्ये पाठ येतात त्याला गेल्या वेळचा धोका ओळखता येतो. ज्याला एका दिवसाच्या आत उभं राहता येतं त्याला निदान आपण कुठे उभे आहोत, हा प्रश्न तरी पडतो. हे तेव्हा त्या बैठकीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते आहे.

तू लिहितेस की तासिका तत्त्वावर असल्याने या विषयावर तोंड उघडायची भीती वाटते, दर जूनला नेमणूक नव्याने होते. मग तू तर १९३१ ची शपथ शिकवायलाच हवीस. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या फर्मानाने इटलीतल्या प्रत्येक विद्यापीठ प्राध्यापकाने राजाशी आणि फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायची ठरली. प्राध्यापक होते बाराशेच्या वर. नकार दिला डझनभरांनी. गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा, प्राचीन इतिहासाचे गाएतानो दे सांक्तिस, सेमिटिक भाषांचे अभ्यासक लेवी देल्ला विदा. नोकऱ्या गेल्या.

बाकीच्यांना भेकड म्हणून मोकळी होऊ नकोस. त्या तारखेला थांब. पोपने कॅथलिक प्राध्यापकांना मनात आक्षेप ठेवून सही करायची मुभा दिली होती. कम्युनिस्ट पक्षाने आपल्या माणसांना सांगितलं की सही करा, वर्ग सोडू नका. क्रोचेनेही काहींना हाच सल्ला दिला: तुम्ही गेलात तर त्या खुर्चीत कोण बसेल याचा विचार करा. ही कारणं पोकळ नव्हती. पण त्याच तारखेला, तोच कागद समोर असताना दे सांक्तिस नाही म्हणाले. म्हणजे नाही म्हणणं शक्य होतं. हे वर्गात पुरावा म्हणून मांड, उपदेश म्हणून नको. आणि तू स्वतः काय करशील असं कुणी विचारलं तर खरं ते सांग, काहीही असलं तरी.

आता तुझ्या प्रबंधाकडे येते. मराठी वर्तमानपत्रांनी दोन महायुद्धांमधली इटली कशी पाहिली, हा विषय तू सुचवलास आणि तुझ्या गाईडने हात वर केले. एक सहकारी म्हणतो, "लिही, आपल्याकडच्या हिंदुत्ववाद्यांची सगळी प्रेरणा तिथूनच आली हे एकदा सिद्ध होऊ दे." दुसरा म्हणतो, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस." दोघांचंही ऐकू नकोस. दोघेही शेवटाकडून वाचत आहेत.

हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे लंडनच्या गोलमेज परिषदेनंतर युरोपात फिरले आणि १९ मार्च १९३१ रोजी रोमच्या पालात्सो व्हेनेत्सियात मुसोलिनीला भेटले. बालिल्ला या मुलांच्या लष्करी संघटनेच्या शाखा त्यांनी पाहिल्या आणि आपल्याकडेही असं काही हवं, असं डायरीत लिहिलं. डायरी उपलब्ध आहे. मार्झिया कासोलारी या इटालियन संशोधक बाईंनी २००० साली त्यावर सविस्तर लिहिलं. १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. हे सगळं कागदावर आहे, दडवण्यासारखं नाही आणि फुगवण्यासारखंही नाही.

पण एकटे मुंजे घेऊ नकोस. चार भारतीय घे आणि चार तारखा. रवींद्रनाथ १९२६ च्या उन्हाळ्यात इटालियन सरकारचे पाहुणे होते, मुसोलिनीबद्दल चांगलं बोलले. तिथून स्वित्झर्लंडला फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडे गेले, देश सोडून आलेल्यांकडून तिथली हकिकत ऐकली आणि ऑगस्टमध्ये मँचेस्टर गार्डियनमध्ये त्यांचं पत्र आलं, राजवटीपासून अंग काढून घेणारं. मुंजे मार्च १९३१. गांधीजी त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना रोमला थांबले, मुसोलिनीला भेटले, आणि एका इटालियन वर्तमानपत्राने न दिलेली मुलाखत त्यांच्या नावावर छापली. ती त्यांना जाहीरपणे नाकारावी लागली. नेहरू मार्च १९३६ मध्ये रोममार्गे परतत होते. भेटीसाठी त्यांच्यावर फार दबाव आणला गेला. तोवर अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, इटलीचं आक्रमण होऊन पाच महिने झाले होते. ते भेटले नाहीत.

या प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय माहीत करून घेता आलं असतं? मुंजे भेटले तोवर मात्तेओत्तीचा खून होऊन जवळजवळ सात वर्षं झाली होती. रवींद्रनाथांचं पत्र छापून येऊन साडेचार. पक्षांवर बंदी होती, खास न्यायालयं चालू होती. म्हणजे मार्च १९३१ मध्ये "तेव्हा कुणाला कल्पना होती" हे म्हणता येत नाही. त्याच वेळी १९३३ चा जर्मनी, १९३८ चे इटलीतले ज्यूविरोधी कायदे हे त्या दिवशी कुणाच्याच समोर नव्हते, तेव्हा ते मुंज्यांच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत. एवढं काटेकोर लिहिलंस तर दोन्ही बाजूंचे लोक तुझ्यावर चिडतील. चिडू देत.

तू आणखी एक लिहिलं आहेस, मौखिक इतिहास घेऊ का. घे. उद्या घे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या भागातल्या गावोगाव मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, इटलीत लढून आलेले म्हातारे होते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण ज्यांना पदक मिळालं नाही त्यांनी त्या देशात काय पाहिलं? सप्टेंबर १९४३ पासून तिथे इटालियन इटालियनांशी लढत होते. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं की गावात शिरलं की घरांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांतली वाक्यं दिसायची, कुणीतरी घाईघाईने चुना मारलेला, आणि चुन्याखालून अक्षरं वाचता यायची. वाक्यं काय होती ते त्याला कळत नव्हतं, पण चुना ताजा होता हे त्याच्या लक्षात राहिलं होतं. मी टेपरेकॉर्डरसाठी विभागाकडे पैसे मागितले. हा लष्करी इतिहास आहे, आपल्या कक्षेत बसत नाही, असं उत्तर आलं. ती माणसं गेली. नोकरीतल्या बाकी कशाचं मला काही वाटत नाही, याचं वाटतं.

म्हातारी माणसं तारखा चुकवतील. म्हणून घाबरू नकोस. जर्मनांच्या ताब्यातल्या रोमचं उदाहरण घे. २३ मार्च १९४४ ला व्हिया राझेल्ला या रस्त्यावर भूमिगतांनी बॉम्ब उडवला, ३३ जर्मन पोलीस मेले. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी आर्देआतीनेच्या गुहांत ३३५ माणसं मारली. पुढे कित्येक रोमकर ठामपणे सांगत राहिले की भूमिगतांनी शरण यावं म्हणून शहरभर पत्रकं लावली होती, ते आले नाहीत म्हणून निरपराध मेले. अशी पत्रकं लागलीच नव्हती. चोवीस तासांच्या आत सगळं उरकलं होतं आणि लोकांना कळलं ते हुकूम अमलात आल्यावर. मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली यांनी या आठवणी वर्षानुवर्षं ऐकल्या आणि विचारलं की माणसं न घडलेली गोष्ट का आठवतात, त्या आठवणीने दोष कुणाकडे सरकतो. हा प्रश्न त्यांना विचारता आला, कारण खरी तारीख, खरी वेळ आधी पक्की होती. ती नसती तर आठवणीतला हा सरकलेपणा दिसलाच नसता. बघ, पुन्हा तिथेच आलो.

तुझ्या मुलांच्या घरात आणीबाणी आठवणारे आजी-आजोबा आहेत. त्यांच्याकडे पाठव. पण आधी तारखा पक्क्या करून पाठव. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत बोलल्या, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण तिथे असताना बोलल्या. निवडणुका जाहीर झाल्या १८ जानेवारी १९७७ ला. मुलांना सांग, दुर्गाबाई बोलल्या त्या दिवशी ही दुसरी तारीख अस्तित्वात नव्हती. ती कधी येईल, येईल की नाही, हे त्या मांडवातल्या कुणालाच माहीत नव्हतं. घरी जाऊन आजोबांना "आणीबाणी कशी होती" असं विचारायचं नाही. त्या डिसेंबरात तुम्हाला काय वाटत होतं, हे किती दिवस चालेल, तुम्ही कुणाजवळ बोलत होता, कुणाजवळ बोलणं बंद केलं होतं, हे विचारायचं.

आणि त्या मुलाला सोमवारी गप्प करू नकोस. आत्ताच्या काळाबद्दल विचारायचा त्याला हक्क आहे. तारखेला थांबायचं म्हणजे आजबद्दल मौन पाळायचं, असा सोयीचा अर्थ तू काढशील म्हणून आधीच सांगते, तसा अर्थ नाही. आज हीसुद्धा एक तारीख आहे. त्याला वहीत आजची तारीख घालायला सांग आणि खाली लिहायला सांग: मला काय माहीत आहे, ते मला कुठून कळलं, काय माहीत करून घेता येईल पण मी घेत नाही, माझ्यासमोर कोणते रस्ते उघडे आहेत. खाली सही. तुला मान्य असो नसो, वाचून काही शेरा मारू नकोस. वही त्याच्याजवळ राहू दे. सगळ्या वर्गाकडून हे करून घे, तूही कर.

प्रबंधाचा आराखडा मला असा नको, ज्यात पहिलं प्रकरण "सैद्धांतिक चौकट" आहे. ते शेवटी लिही, किंवा लिहूच नकोस, विद्यापीठाला हवं असेल तर दहा पानं देऊन टाक. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात जा, केसरीचे जुने अंक काढ, मार्च १९३१ च्या आधी जून १९२४ चे काढ. मात्तेओत्तीला १० तारखेला पळवलं. ती बातमी पुण्यात कुठल्या दिवशी, कुठल्या पानावर, किती ओळींची छापून आली, एवढं सापडलं की मला कळव.

तुझी
मॅडम